बटाट्यातलं पाणी

बटाट्याच्या काचऱ्यांची कृती शोधायला कुणी पुस्तक उघडत नाही. बटाटे पातळ चिरा, मोहरी-हिंगाची फोडणी करा, हळद, तिखट, मीठ घाला आणि परता, सांगून झालं. इतक्या सोप्या पदार्थाला प्रस्तावना लागावी हेच पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण याच चार ओळींतून एका घरी कडेला तांबूस, दाताखाली मोडणाऱ्या, आतून मऊ काचऱ्या निघतात आणि शेजारच्या घरी तेलानं माखलेला पिवळा लगदा निघतो. साहित्य तेच, प्रमाण तेच, कधीकधी भाजीवालाही तोच. मग फरक कशानं पडतो, या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘हाताला चव असते’ इथं येऊन थांबतं. उत्तर प्रेमळ आहे, पण त्यातून कुणाला काही शिकता येत नाही. या पुस्तिकेत तव्यावरच्या बटाट्याचे जे प्रकार दिले आहेत, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच म्हणणं आहे: कुरकुरीत बटाटा हा पाण्याचा हिशेब आहे. बटाट्यातलं किती पाणी राहू द्यायचं, किती घालवायचं आणि मुख्य म्हणजे कधी घालवायचं, एवढं कळलं की तेल, आच, तवा, मसाला या गोष्टी आपोआप रांगेत येतात. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याची मापं घरोघरी पोचवली आणि नवशिक्यांवर मोठे उपकार केले. पण बटाट्यातल्या पाण्याला कुठल्याच कृतीत माप नसतं, कारण ते आपण घातलेलं नसतं. बटाटा ते सोबत घेऊनच आलेला असतो.

हे पाणी थोडंथोडकं नाही. बटाट्याच्या वजनात ७५ ते ८० टक्के पाणीच असतं, म्हणजे अर्धा किलो बटाटे चिरून तव्यावर टाकले तर त्यांच्यासोबत पावणेचारशे ते चारशे ग्रॅम पाणीही तव्यावर आलं. आता काचरीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्या पृष्ठभागाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चढत नाही. समुद्रकाठी १०० अंश सेल्सियस, पुण्यात त्याहून दोनेक अंश कमी. आणि ज्याला आपण खरपूसपणा म्हणतो तो रंग आणि वास तर १४० अंशांच्या आसपास आणि पुढेच जोमानं तयार होतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातली ही प्रक्रिया लुई कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये मांडली आणि ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. तेव्हा ओला बटाटा तव्यावर अर्धा तास ठेवला तरी तो शिजेल, मोडेल, पण लाल होणार नाही. शिवाय पाणी तापवणं आणि पाणी घालवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७० कॅलरी उष्णता पुरते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. शेगडीची बहुतेक मेहनत बटाटा शिजवण्यात जात नाही, वाळवण्यात जाते. स्वयंपाक करणाऱ्याला वाटतं की बटाटे शिजले, आता लाल व्हायला कितीसा वेळ लागणार. प्रत्यक्षात खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि नेमक्या त्याच वेळी धीर सुटून आच मोठी केली जाते.

कुरकुरीतपणाची रचनाही पाण्यावरच उभी आहे. बटाट्यातला स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. पृष्ठभागावरची ही खळ पुढे पूर्ण वाळली की तिचा काचेसारखा कडक, ठिसूळ पापुद्रा बनतो. दाताखाली जो आवाज येतो तो या पापुद्र्याच्या मोडण्याचा. म्हणजे आधी पाणी हवं, कारण त्याशिवाय स्टार्च फुगणार नाही आणि काचरी आतून कच्ची, कचकचीत राहील; आणि नंतर पाणी नको, कारण ते असेपर्यंत पापुद्रा बनणार नाही. एकाच काचरीकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागत असतो. आपल्या स्वयंपाकघरात झाकण ठेवायचं की नाही यावर जी मतभिन्नता आढळते, तिचं मूळ इथं आहे. झाकण ठेवणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे की वाफेशिवाय बटाटा आतून शिजत नाही. न ठेवणाऱ्यांचंही खरं आहे की झाकणाखाली काचऱ्या लिबलिबीत होतात. दोघांच्या बोलण्यात एकच गोष्ट सुटते, ती म्हणजे क्रम. पहिली पाच-सहा मिनिटं झाकण, तेही मध्यम आचेवर. बटाटा नखानं दाबून मोडतो आहे असं दिसलं की झाकण कायमचं बाजूला आणि मग पुढची दहा-बारा मिनिटं उघड्यावर. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला साचलेलं पाणी तव्यात सांडू न देणं ही बारीकशी गोष्ट आहे, पण ती चुकली तर दोन मिनिटांची कमाई क्षणात परत जाते. झाकणात पाणी ओतून भाजी शिजवण्याची आपली जुनी रीत कोरड्या भाज्यांसाठी उत्तमच आहे. वरचं थंड पाणी आतली वाफ धरून ठेवतं आणि भाजी न करपता मऊ होते. काचऱ्या मऊच हव्या असतील तर ती रीत अवश्य वापरावी.

सगळ्यात जास्त काचऱ्या बिघडतात त्या गर्दीनं, आणि ही गर्दी किती असते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. साधा हिशेब करून पाहू. अर्धा किलो बटाट्याचं आकारमान सुमारे ४६० घन सेंटिमीटर भरतं. त्याच्या दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या केल्या आणि एकीवर एक न येता पसरल्या, तर त्यांना जवळपास २३०० चौरस सेंटिमीटर जागा लागेल. २८ सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे घरगुती मानानं मोठ्याच तव्याचं क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर असतं. अर्धा किलो काचऱ्यांना पावणेचार तवे हवेत आणि आपण त्या एकाच कढईत घालतो. तळाची काचरी वाळायला लागते, तिची वाफ वरच्या तीन थरांत अडकते, आणि उलथन्यानं परतलं की तीच वाळलेली काचरी वर जाऊन पुन्हा ओली होते. दमट हवेत कपडे उलटेपालटे करत राहावं तसं हे चालतं. यावर आक्षेप असा येईल की चार माणसांच्या घरात चार खेपा करायला वेळ कुणाला आहे. आक्षेप रास्त आहे. पण उपायही हिशेबातच आहे: जाडी वाढवली की लागणारी जागा कमी होते. अर्ध्या सेंटिमीटरच्या फोडी केल्या तर तेवढ्याच बटाट्याला दीड तवा पुरतो. मात्र जाड फोड तव्यावर आतपर्यंत शिजायला वेळ घेते, म्हणून ती आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून, निथळून, परातीत पसरून कोरडी करून घ्यावी लागते. म्हणजे पातळ काचरी हवी असेल तर थोडी करावी, भरपूर हवी असेल तर जाड चिरावी आणि आधी उकडावी. पातळ, भरपूर आणि एका खेपेत, हे तिन्ही एकदम मागणारी कृती कागदावरच कुरकुरीत होते.

इथं तेलाचा मुद्दा निघतोच. ‘सढळ हातानं तेल घाला, म्हणजे होतील कुरकुरीत’ हा सल्ला इतक्या तोंडांतून ऐकू येतो की तो पूर्ण चुकीचा असेल असं वाटत नाही. आणि तो नाहीही. बटाट्याची चकती कधीच अगदी सपाट नसते. ती आणि तवा यांच्यामध्ये राहणाऱ्या हवेच्या फटी तेल भरून काढतं आणि उष्णता सगळ्या पृष्ठभागाला सारखी पोचवतं. तेवढ्यासाठी तेल हवंच, आणि कोरड्या तव्यावर हे काम होत नाही हेही खरं. पण त्या फटी भरल्यानंतर आणखी घातलेलं तेल पाणी काढायला फारशी मदत करत नाही, जोवर आपण ते बुडवून तळण्याइतकं घालत नाही. अधल्यामधल्या प्रमाणात ते फक्त ताटात उतरतं. बटाटा तेल कधी पितो, यावर तळणाच्या अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे, आणि त्यातून निघालेली गोष्ट घरच्या समजुतीच्या नेमकी उलट आहे. तळताना आतून वाफ जोरानं बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. बटाटा आचेवरून उतरला, आतली वाफ थंड होऊन आकसली, की पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेलकटपणाचा मोठा भाग अशा रीतीनं गॅस बंद केल्यानंतर घडतो. काचऱ्या तव्यातच थंड होऊ देणं हा त्या दृष्टीनं सर्वांत वाईट प्रकार. गरम असतानाच तव्याच्या कडेला ओढून तेल मधे उतरू द्यावं, किंवा चाळणीत काढाव्यात. तेल कोणतं, या वादात मी फार शिरणार नाही. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, उपासाला तूप, सगळी चालतात. लोणी तेवढं टाळावं, कारण त्यातला दुधाचा अंश बटाटा वाळण्याआधीच करपतो.

आतापर्यंतचं सगळं विवेचन बटाटा नावाची एकच एक वस्तू असते असं धरून चाललं. पाककृतीही तसंच धरतात: ‘चार मध्यम बटाटे’. खरी अडचण इथं आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं, जी १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली, आजवर कुफरी या नावाखाली अनेक वाण दिले आहेत. ज्योती, चंद्रमुखी, सिंदुरी, बहार, पुखराज, दख्खनच्या पठारासाठीचा लवकर तयार होणारा लौवकर, आणि १९९८ पासून खास वेफर्सच्या कारखान्यांसाठीचे चिप्सोना. या वाणांत पाण्याचं आणि कोरड्या अंशाचं प्रमाण सारखं नसतं. कारखान्याला २० टक्क्यांहून जास्त कोरडा अंश असलेला बटाटा लागतो, कारण त्याला प्रत्येक टक्का पाणी इंधन जाळून घालवायचं असतं. पुखराजसारखा भरघोस उत्पन्न देणारा पण पाणीदार वाण त्याच्या कामाचा नसतो. आपल्या मंडईत मात्र वाणाचं नाव पोचतच नाही. तिथं बटाटा गावाच्या नावानं ओळखला जातो: तळेगाव, इंदुरी, आग्रा. जर्मनीतल्या दुकानात बटाट्याच्या पिशवीवर तो शिजल्यावर घट्ट राहणारा आहे की भुसभुशीत होणारा, हे छापलेलं असतं आणि लोक पदार्थ ठरवून बटाटा घेतात. आपल्याकडे घेतलेल्या बटाट्यावरून पदार्थ ठरवावा लागतो. त्यासाठी घरात करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. एक लिटर पाण्यात सुमारे १२० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडायचा. बुडाला तर त्यात कोरडा अंश भरपूर आहे, काचऱ्या आणि फोडींना तो चांगला. तरंगला तर पाणीदार. त्याची रस्सा भाजी करावी हे बरं.

वाणापेक्षाही मोठा फरक साठवणीनं पडतो. उत्तर भारतातला मुख्य बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि त्यातला मोठा हिस्सा शीतगृहात जाऊन पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडाथोडा बाहेर येत राहतो. मोड येऊ नयेत म्हणून ही शीतगृहं २ ते ४ अंशांवर ठेवतात. इतक्या थंडीत बटाट्यातला काही स्टार्च साखरेत बदलतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतं. अशा बटाट्याची काचरी तव्यावर टाकली की साखर आधी तांबूस होते, मग काळी पडते, आणि पाणी अजून आतच असतं. बाहेरून करपलेली, आतून मऊ, चवीला किंचित कडसर. पावसाळ्याच्या अखेरीस घराघरांत असं होतं आणि दोष आचेला दिला जातो. वेफर्सचे कारखाने याच कारणासाठी बटाटा १० ते १२ अंशांवर, मोड रोखणारं औषध फवारून साठवतात, आणि साखर १०० ग्रॅम बटाट्यात शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या वर गेली तर माल नाकारतात. त्यांच्याकडे प्रयोगशाळा असते. आपल्याकडे तवा असतो, आणि तोही वाईट साधन नाही. सगळा घाणा घालण्याआधी एकच काचरी टाकून पाहावी. ती कडक होण्याआधी काळपट झाली तर बटाटा गोड आहे. मग चिरलेल्या काचऱ्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवाव्यात, म्हणजे बरीचशी साखर पाण्यात उतरते. घाई नसेल तर बटाटे दोन-तीन आठवडे घरातल्या साध्या तापमानाला, अंधाऱ्या जागी ठेवले की काही साखर पुन्हा स्टार्चमध्ये परतते. फ्रिजमध्ये ठेवले तर उलट होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागांतून खरिपाचा ताजा बटाटा बाजारात येतो, तेव्हा शेजारशेजारच्या दोन ढिगांतला एक सहा-सात महिने शीतगृहात राहून आलेला आणि दुसरा नुकताच मातीतून निघालेला असू शकतो. दोघांनाही कृती एकच लावणं कितपत शहाणपणाचं आहे?

‘आमच्या आज्या काही मीठपाण्यात बटाटे बुडवून बघत नव्हत्या, तरी त्यांच्या काचऱ्या होतच होत्या’ हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानतो, कारण त्यात तथ्य आहे. अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे. तो वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेचा बटाटा, एकच तवा आणि एकच चूल हाताळून साठलेला हिशेब असतो. पण त्याच्या त्या ‘एकच’मध्येच त्याची मर्यादाही आहे. जवळपासच्या शेतातून हंगामात येणारा बटाटा, जाड लोखंडी तवा आणि निखाऱ्यांची आच यांच्यावर बेतलेला अंदाज शीतगृहातल्या बटाट्याला, पातळ नॉनस्टिकला आणि गॅसच्या ज्योतीला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यात त्या बाईचं काही चुकलेलं नसतं. गणितातल्या राशी बदलल्या आहेत. आणि तिचा हिशेब किती पक्का होता हे पाहायचं असेल तर काचऱ्यांकडे न पाहता उन्हाळ्याच्या वाळवणाकडे पाहावं. बटाट्याचे वेफर्स करताना महाराष्ट्रातल्या घरांत काय करतात? फेब्रुवारी-मार्चमधला नवा, शीतगृहात न गेलेला बटाटा निवडतात. किसणीवर पाडलेल्या चकत्या पाणी नितळ होईपर्यंत तीन-चारदा धुतात. साखर आणि सुटा स्टार्च त्यात जातो. तुरटीच्या पाण्यात ठेवतात, त्यानं त्या पांढऱ्या राहतात आणि शिजताना मोडत नाहीत. उकळत्या पाण्यात अर्धवट वाफवतात, म्हणजे स्टार्च फुगून पृष्ठभागावर खळ येते. मग कापडावर एकेक सुटी पसरून उन्हात कडकडीत वाळवतात, आणि तेल येतं ते सगळ्यांत शेवटी. पाणी काढण्याचं काम विस्तवाऐवजी उन्हाकडून फुकट करून घेणारी ही रीत म्हणजे या प्रस्तावनेतला जवळजवळ प्रत्येक मुद्दा आहे, फक्त कुणी तो तसा मांडून दाखवलेला नाही. तव्यावरच्या काचरीसाठी यातल्या तीन पायऱ्या उचलल्या, धुणं, अर्धवट शिजवणं आणि पंच्यावर कोरडं करणं, तरी पुरे.

एकाच हिशेबातून आपल्याकडचे वेगवेगळे पदार्थ कसे निघतात हे पाहणंही मजेचं आहे. मालवण, गोवा, कारवार या पट्ट्यात बटाट्याचे काप करतात: अर्धा सेंटिमीटरची चकती, तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजलेली. इथं पापुद्रा बटाट्यानं बनवायचाच नाही; ते काम कोरड्या रव्याकडे सोपवलेलं असतं. मीठ लावून ठेवल्यावर बटाट्याला सुटणारं पाणी, जे काचऱ्यांत शत्रू असतं, इथं रवा चिकटवण्याच्या कामी येतं. त्यामुळे काप गोड बटाट्याचे, पाणीदार बटाट्याचेही बरे होतात, आणि पाहुणे यायचे असतील तर काचऱ्यांपेक्षा काप करणं केव्हाही सुरक्षित. उपासाचा कीस दुसऱ्या टोकाला आहे. किसणीनं बटाट्याच्या असंख्य पेशी फुटतात, स्टार्च आणि पाणी दोन्ही मोकळे होतात. तो तसाच तुपात टाकला तर खळ होऊन गोळा बनतो. म्हणून कीस थेट पाण्यात पाडून, धुऊन, घट्ट पिळून मग जिरे-मिरचीच्या फोडणीवर घालतात, आणि शेंगदाण्याचं कूट शेवटी, कारण ते उरलेली ओल शोषून घेतं. स्वित्झर्लंडमधल्या रोश्टीला नेमका हा गोळाच हवा असतो. तिथं किसलेला बटाटा धुवत नाहीत, तव्यात थापून त्याची जाड पोळी करतात आणि तोच स्टार्च तिला धरून ठेवतो. तिथली बरीच घरं त्यासाठी आदल्या दिवशी उकडलेले बटाटे वापरतात. उकडलेला बटाटा रात्रभर थंड झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि किसताना लगदा होत नाही. कच्चा घ्यावा की उकडलेला, यावर तिथंही एकमत नाही, हे वाचून झाकणाच्या वादात अडकलेल्यांना बरं वाटेल.

मीठ आणि मसाल्याबद्दल थोडक्यात. मीठ सुरुवातीला घातलं तर ते काचऱ्यांतलं पाणी बाहेर ओढतं आणि तव्यात ओल वाढते. झाकण काढल्यानंतर, काचऱ्या कडेनं रंग धरू लागल्यावर घातलं की हा प्रश्न येत नाही. हळद फोडणीत चालते, पण लाल तिखट कोरड्या गरम तव्यावर काही सेकंदांत काळवंडतं, म्हणून तेही शेवटी. काही घरांत घालतात ती चिमूटभर साखर रंगासाठी उपयोगी पडते खरी, पण ताज्या बटाट्यात. शीतगृहातल्या बटाट्यात ती आधीच असते. तव्याबद्दल बोलायचं तर जाड बिडाचा किंवा लोखंडी तवा यासाठी उत्तम, कारण ओल्या काचऱ्या पडल्यावरही त्याची साठवलेली उष्णता लगेच उतरत नाही. नॉनस्टिकवरही काचऱ्या होतात, फक्त तो रिकामा ठेवून भडक आचेवर तापवू नये. त्याचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो. आणि उलथनं कमी चालवावं. काचरी तव्याला टेकून राहिली तरच तिची खालची बाजू वाळते. सारखं परतणं ही काळजी वाटते, पण परिणाम पाहता ती अडवणूक असते.

तब्येतीचा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनानं आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की त्यांत अॅक्रिलामाइड तयार होतं. बटाट्यातलं अॅस्परजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून, १२० अंशांच्या पुढे, म्हणजे ज्या प्रक्रियेनं खरपूसपणा येतो तिच्याच पोटात. जनावरांवरच्या प्रयोगांत हा पदार्थ कर्करोगकारक ठरला आहे. माणसाच्या आहारातून होणाऱ्या परिणामाचा पुरावा मात्र अजून तितका ठाम नाही. म्हणून काचऱ्या सोडाव्यात असं मी म्हणणार नाही, पण त्या गडद तपकिरी होईपर्यंत भाजणं सोडावं असं जरूर म्हणेन. युरोपीय संघानं २०१७ मध्ये कारखान्यांसाठी केलेल्या नियमांत कमी साखरेचा बटाटा, धुणं, गरम पाण्यातून काढणं आणि रंगावर लक्ष ठेवणं हेच उपाय आहेत. कुरकुरीतपणासाठी जे करायचं तेच इथंही उपयोगी पडतं, कारण साखर कमी असलेला, नीट वाळवलेला बटाटा सोनेरी असतानाच कडक होतो. ओला आणि गोड बटाटा कडक होण्याची वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्यात तो काळा होतो. एअर फ्रायरवाल्यांना सांगायचं तर त्यांचं यंत्र म्हणजे गरम हवेचा झोत सोडून पाणी पळवणारी छोटी भट्टीच आहे. ती तेल वाचवते आणि काम चोख करते. पण टोपलीत काचऱ्या एकमेकींवर रचल्या तर तीही हतबल होते, आणि मोहरी-हिंगाची फोडणी तिच्यात नीट बसत नाही. म्हणून या पुस्तिकेत ती नाही.

एक मर्यादा मोकळेपणानं मान्य करायला हवी. काचऱ्या हा आपल्याकडे मुख्यतः डब्याचा पदार्थ आहे. सकाळी सातला होतात आणि दुपारी एकला पोळीबरोबर खाल्ल्या जातात. तेवढ्या वेळात कुठलाही तव्यावरचा बटाटा कुरकुरीत राहत नाही. काचरीचा पापुद्रा वाळलेला असतो, पण आतला गर ओलाच असतो, आणि बंद डब्यात ती ओल हळूहळू बाहेरच्या थरात झिरपून त्याला पुन्हा मऊ करते. कारखान्याचा वेफर महिनोन्महिने टिकतो कारण त्यात जेमतेम दोन टक्के पाणी उरलेलं असतं. तेवढी वाळलेली काचरी पोळीबरोबर खायची भाजी राहणार नाही. डब्यातली मऊ, तेलात मुरलेली, हळदीनं पिवळी काचरी हा म्हणून बिघडलेला पदार्थ मानू नये. तो वेगळा पदार्थ आहे, झाकण ठेवून, झाकणात पाणी ओतून करण्याचा, आणि त्याची कृती पुढे स्वतंत्र दिली आहे. कुरकुरीत काचऱ्या ताटात वाढण्यासाठी कराव्यात, आमटी-भात वाढून झाल्यावर तव्यावरून थेट. त्यातल्या उरल्या आणि डब्यात द्यायच्याच असतील, तर ताटलीत पसरून पूर्ण गार होऊ द्याव्यात, मग भराव्यात, आणि पोळ्यांच्या गरम चवडीपासून वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.